जन्मवेळेचा प्राणवायू

१९४२ साली बोस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या नेत्रभिंगामागे धरणाऱ्या तंतुमय पडद्याचे वर्णन केले, तेव्हा या अंधत्वाचे मूळ काचपेटीत अखंड सोडल्या जाणाऱ्या प्राणवायूत असेल अशी शंका कोणी घेतली नव्हती. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी ती १९५१ मध्ये मांडली, आणि अमेरिकेतील १८ रुग्णालयांच्या संयुक्त चाचणीने १९५४ साली ती खरी ठरवली. तोवर जगभरात सुमारे दहा हजार बालकांची दृष्टी गेली असावी.

त्याच वर्षी अर्जेंटिनी शास्त्रज्ञ रेबेका गेर्शमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, अतिरिक्त प्राणवायू आणि क्ष-किरण हे दोन्ही शरीराला मुक्त मूलकांच्या, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या व म्हणून शेजारच्या रेणूंना इजा करणाऱ्या कणांच्या मार्गाने बाधतात, असे प्रतिपादन केले. हे कण निष्प्रभ करण्याची शरीराची ताकद अपुरी पडली की ऑक्सिडेटिव्ह ताण निर्माण होतो. गर्भाशयात अल्प प्राणवायूवर वाढलेल्या अर्भकाच्या रक्तातील त्याचे प्रमाण जन्मानंतर झपाट्याने चढत असल्याने थोडा ताण प्रत्येक जन्माबरोबर येतोच. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची संरक्षक विकरे मात्र तोवर पुरती तयार झालेली नसतात.

प्राणवायूवर सरसकट मर्यादा घालणेही महागात पडले. वाचलेल्या एकेका दृष्टीमागे सुमारे १६ बालके दगावली असावीत, असा हिशेब १९७३ मध्ये केनेथ क्रॉस यांनी मांडला. प्रसूतिगृहात मात्र बाळ रडले नाही की शुद्ध प्राणवायू देण्याची रीत तशीच चालू राहिली, आणि तिची परीक्षा कोणी फारशी केली नाही, हे नवलच म्हटले पाहिजे. नॉर्वेचे ओला साउगस्टाड यांनी १९८० च्या सुमारास दाखवून दिले की श्वास कोंडलेल्या बाळाच्या शरीरात हायपोझँथिन हे द्रव्य साचते आणि एकदम प्राणवायू मिळाला की त्यापासूनच मुक्त मूलके तयार होतात. साध्या हवेवर, म्हणजे २१ टक्के प्राणवायूवर, बाळ सावरते का, याची चाचणी दिल्लीत ८४ अर्भकांवर होऊन १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. १९९८ च्या बहुराष्ट्रीय चाचणीत ६०९ अर्भके होती. सम तारखेला जन्मलेल्यांना हवा आणि विषम तारखेला जन्मलेल्यांना शुद्ध प्राणवायू, अशी विभागणी होती. मृत्यूंत लक्षणीय फरक आढळला नाही, उलट हवेवरची बाळे जरा लवकर रडली.

२०१० च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी पूर्ण दिवसांच्या बाळासाठी हवेपासूनच सुरुवात करण्यास सांगितले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबतचा वाद त्यानंतरही चालू राहिला.