गंजलेलं रिव्हॉल्व्हर आणि काळ्या रंगाखालचा नंबर

जून २०१९ मध्ये पॅरिसला एक रिव्हॉल्व्हर लिलावात विकलं गेलं. गंजानं खाल्लेलं, गोळी सुटण्याचा प्रश्नच नाही. आपल्या शिरड शहापुरात भंगारवाल्यानं किलोवर घेतलं असतं. तिथं त्याला दीड लाख युरोंच्या वर मिळाले! कारण चित्रकार व्हॅन गॉगनं १८९० साली बहुधा त्याच रिव्हॉल्व्हरनं स्वतःला गोळी मारून घेतली. 'बहुधा' बरं का. पक्का पुरावा नाही. शेतात सापडलेली जागा, गोळीचं माप आणि जमिनीत गेलेला काळ जुळतो, एवढंच.

ज्या हत्याराला असा इतिहास नाही त्याचा हिशोब वेगळा. तिथं संग्राहक कारखान्यातला मूळ निळसर-काळा मुलामा किती उरला ते बघतात. सुट्या भागांवरचे नंबर एकमेकांशी जुळतात का, मूठ मूळचीच आहे का, हे बघतात. आपल्याकडं जुनी वस्तू दिसली की आधी घासून चकचकीत करायची सवय. तिथं त्याच घासण्यानं किंमत निम्म्याखाली येऊ शकते, कारण घासताना खुणा आणि अक्षरं जातात.

आता आपल्या देशातलं बघा. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरला साँडर्सवर पहिली गोळी झाडली ती खेडच्या शिवराम हरी राजगुरूंनी. भगतसिंगांच्या हातात .३२ बोअरचं कोल्ट पिस्तूल होतं (रिव्हॉल्व्हर नव्हे, पण मुद्दा तोच). ते पिस्तूल पुढं कित्येक वर्षं इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात इतर हत्यारांत पडून होतं. गंजू नये म्हणून वरून काळा रंग फासलेला. २०१६ च्या सुमारास रंग खरवडला, खाली नंबर निघाला १६८८९६, आणि तो खटल्याच्या कागदांतल्या नंबराशी जुळला. नंबर नसता किंवा कागद नसता, तर ते आजही एक जुनं कोल्टच राहिलं असतं.

नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या तलवारीचंही तसंच. पातं युरोपातलं, पण त्यावर सोन्याच्या अक्षरात देवनागरीत नाव. म्हणून २०२५ च्या लंडनच्या लिलावात ती ओळखू आली आणि सरकारनं सुमारे ४७ लाख मोजून परत आणली.

आपला कायदा तर आणखी गमतीचा. अमेरिकेत चालू स्थितीतल्या हत्याराला भाव. आपल्याकडं १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ नुसार, जुन्या घडणीचं किंवा मोडकं, दुरुस्त करूनही गोळी सुटणार नाही असं हत्यार कायद्याच्या बाहेर. चालतं असेल तर परवाना हवाच, आजोबाचं असलं तरी.

हे सगळं लिहायचं कारण आपला मराठवाडा. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. रझाकारांच्या काळात कुणाकडं काय होतं, गावं कुणी राखली, हे आज म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात तेवढं उरलंय. लोखंड गेलं ते गेलं. पण घरात त्या वेळचे कागद असतात, बरेचसे उर्दूत. वाचता येत नाही म्हणून आपण रद्दीत घालतो. माझं म्हणणं एवढंच, या दिवाळीच्या साफसफाईत ती पेटी काढाल तेव्हा कागद बाजूला ठेवा. उर्दू वाचणारा जाणता माणूस गावात असेल, तोवर त्याच्याकडून वाचून घ्या, नावं-तारखा वहीत उतरवा आणि फोटो काढून ठेवा.