समोरासमोर समुपदेशन की ऑनलाइन? प्रत्यक्ष भेटीत वेगळे काय मिळते?

समुपदेशन किंवा मानसोपचार (थेरपी) म्हणजे प्रशिक्षित तज्ज्ञाशी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या उद्दिष्टाने होणारा संवाद. एक सेशन साधारण ४५ ते ६० मिनिटांचे असते. २०२० च्या टाळेबंदीत हा संवाद मोठ्या प्रमाणावर व्हिडिओ कॉलवर गेला आणि नंतरही बराचसा तिथेच राहिला.

हिंजवडीत त्याचे कारण उघड आहे. राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधून संध्याकाळी निघालेल्या माणसाचा बराच वेळ भूमकर चौक गाठण्यातच जातो. तासाभराच्या सेशनसाठी त्याहून जास्त वेळ गाडीत बसण्यापेक्षा लॅपटॉप उघडणे सोपे. मग प्रत्यक्ष जाण्याचा खटाटोप कशासाठी?

संशोधन काय सांगते?

२०१८ मध्ये स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ पेर कार्लब्रिंग आणि सहकाऱ्यांनी २० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली इंटरनेटवरून दिलेली बोधात्मक वर्तन उपचारपद्धती (सीबीटी) आणि समोरासमोर दिलेली तीच पद्धत, यांच्या परिणामांत त्यांना फारसा फरक आढळला नाही. त्यामुळे ‘ऑनलाइनचा उपयोगच नाही’ हा समज चुकीचा आहे. मात्र अशा अभ्यासांत आत्महत्येचा तीव्र धोका असलेल्यांना सहसा घेतले जात नाही. शिवाय हे निष्कर्ष सरासरीचे असतात. एखाद्याच्या घरात बोलायला जागा आहे की नाही, हे त्यातून कळत नाही.

प्रत्यक्ष भेटीचे फायदे

१. बोलायला सुरक्षित जागा: वाकड, मारुंजी, ताथवडे भागात अनेक जण पीजीत किंवा तिघा-चौघांत मिळून घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहतात. कुटुंबात राहणाऱ्यांची अडचण वेगळी. ज्या नात्याबद्दल बोलायचे, तेच माणूस भिंतीपलीकडे असते. मग आवाज खाली येतो, रडू आवरले जाते आणि मुख्य गोष्ट राहून जाते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण तो हक्क घराच्या पातळ दारापाशी कामाला येत नाही. घरात कोणाकडून त्रास होत असेल, तर बाहेरची खोली अधिकच महत्त्वाची.

२. पूर्ण माणूस दिसतो: कॅमेऱ्यात चेहरा आणि खांदे दिसतात. थरथरणारे हात, सतत हलणारा पाय, घटलेले वजन, चालण्यातला संथपणा, दारूचा वास या गोष्टी खोलीतच लक्षात येतात.

३. शांततेला अर्थ राहतो: थेरपीत काही क्षण गप्प बसणेही कामाचे असते. कॉलवर मात्र ‘आवाज येतोय ना?’ असे विचारले जाते आणि धागा तुटतो.

४. पडद्यापासून सुटका: स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणे मांडली: जवळून सतत रोखलेल्या नजरा, स्वतःचा चेहरा सतत दिसणे, एका जागी खिळून राहणे आणि हावभाव देण्या-समजण्यासाठी लागणारे जादा कष्ट. दिवसभर मीटिंगांत असलेल्याला त्याच खुर्चीत आणखी एक कॉल जड जाऊ शकतो.

५. आधी आणि नंतरचा वेळ: जाताना मनाची तयारी होते, परतताना मन स्थिरावते. ऑनलाइन सेशन संपल्यावर पाचव्या मिनिटाला ऑफिसचा कॉल असेल, तर उकरून निघालेले दुःख तसेच दाबले जाते.

६. काही उपचारांची गरज: लहान मुलांची खेळातून होणारी थेरपी आणि काही मानसशास्त्रीय चाचण्या समोरासमोरच नीट होतात.

ऑनलाइन केव्हा योग्य?

जवळ तज्ज्ञ नसणे, प्रवास शक्य नसणे, लहान बाळ घरी असणे, रात्रपाळी, किंवा मराठीत बोलणारा तज्ज्ञ दुसऱ्या शहरात असणे, ही ऑनलाइन निवडण्याची योग्य कारणे आहेत. हेडफोन वापरावा आणि कंपनीचा लॅपटॉप टाळावा, कारण त्यावर कंपनीची देखरेख असू शकते. पार्किंगमधल्या गाडीत बसून बोलणे हा अनेकांचा मार्ग आहे. मात्र गाडी चालवताना सेशन घेऊ नये.

निवड कशी करावी?

पहिली दोन-तीन सेशन प्रत्यक्ष आणि पुढची आलटूनपालटून, असा मधला मार्ग काढता येतो. शनिवार सकाळची वेळ मिळाली तर वाहतुकीचा प्रश्न हलका होतो. कोणत्याही पद्धतीत तज्ज्ञाची पात्रता तपासावी. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी विचारता येते. खर्च परवडत नसेल, तर पिंपरीतील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय हे सरकारी पर्याय आहेत.

चार-पाच सेशननंतरही ‘खरे सांगायचे ते राहूनच जाते’ असे वाटत असेल, तर थेरपी सोडण्याआधी जागा बदलून पाहावी.

तातडीची मदत

आत्महत्येचे विचार, भ्रम-भास किंवा स्वतःला इजा करण्याची शक्यता असेल, तर पुढच्या ऑनलाइन सेशनची वाट पाहू नये. जवळच्या माणसाने सोबत थांबावे आणि रुग्णालय गाठावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही. जिवाला धोका असल्यास ११२ वर फोन करावा.