भाग: अक्कादेवीचं पाणी, आणि २५ सप्टेंबर १९३०

आजचा भाग नेहमीसारखा ताम्रपट-शिलालेखातून सुरू होत नाही. आजचा इतिहास माझ्या ओल्या चड्डीपासून सुरू होतो. हसू नका, खरंच.

सप्टेंबरातली गोष्ट. शुक्रवारी रात्री उशिरा आमचा रिलीज गेला आणि शनिवारी कोणालाच लॅपटॉपचं तोंड बघायचं नव्हतं. आम्ही चौघं मित्र, खारघरहून दोन बाइक, दोन टेंट, मॅगीची पाकिटं. ठरलं होतं चिरनेरचं अक्कादेवी. उरण तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी रान आहे, वरून झरे उतरतात, खाली बंधारा आहे, पावसाळ्यात मस्त पाणी असतं. आमच्यातल्या एकाने घाईत मॅपवर 'चिरले' टाकलं आणि आम्ही थेट अटल सेतू उतरतो तिकडे पोचलो. चिरले वेगळं, चिरनेर वेगळं. तुम्ही जाल तेव्हा लक्षात ठेवा, अर्धा तास वाचेल.

पोचलो एकदाचे. बंधाऱ्यावर गर्दी होती, म्हणून ओढ्याच्या कडेकडेने वर गेलो. एका ठिकाणी खडकातून झिरा येत होता आणि त्याखाली छातीएवढा डोह. पाणी इतकं थंड की पहिल्या डुबकीला श्वासच अडकला. तासभर पोहलो. मग तिथेच, ओढ्याला लागून, टेंट लावायला घेतले आणि सुक्या काटक्या गोळा करायला लागलो.

तेवढ्यात एक आजोबा गुरं घेऊन खाली येताना दिसले. आम्हाला बघून थांबले.

"पोरांनो, हितं नका राहू. वर पाऊस झाला का रातचा पानी चढतं. कलनार पन नाय."

आम्ही म्हटलं, "आजोबा, आभाळ तर मोकळं आहे."

"हितलं मोकलं हाय. डोंगरावरचं तुमाला दिसतं का?" मग काटक्यांकडे बघून म्हणाले, "आन् हे जंगलातलं लाकूड. याच्यापायी आमच्या गावात मानसं मेली, ठावं हाय ना?"

आम्हाला ठाऊक नव्हतं. चौघं इंजिनीअर, नवी मुंबईत वाढलेले, दांडीयात्रेची तारीख तोंडपाठ, आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर काय झालं त्याचा पत्ता नाही. मी घरी आल्यावर वाचत बसलो. आजचा भाग त्यातून आलाय.

आधी एक साधा प्रश्न. शेतकऱ्याला जंगल कशाला लागतं? मला वाटायचं, चुलीला लाकूड, बस. पण कोकणातल्या भातशेतीचं गणित वेगळं आहे. पावसाआधी शेतकरी रोपं करायच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडांची तोडलेली टाळं म्हणजे छोट्या फांद्या, वर गवत आणि थोडी माती असा थर देतो आणि भाजतो. याला म्हणतात राब. तणाचं बी जळतं, राख मातीत मिसळते, रोप जोमदार येतं. म्हणजे टाळ नाही तर राब नाही, राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर वर्षाचा भात धोक्यात. जंगल हा शेतीचा भागच होता, फक्त त्याला कुंपण नव्हतं.

कुंपण आलं १८७८ च्या वन कायद्याने. त्याने जंगलाचे प्रकार पाडले, त्यातले दोन महत्त्वाचे: राखीव आणि संरक्षित. फरक आमच्या धंद्यातल्या लोकांना लगेच कळेल. संरक्षित जंगलात जे मना केलंय ते सोडून बाकी चालतं. राखीव जंगलात जे परवानगीने दिलंय ते सोडून बाकी सगळं बंद. डिफॉल्ट अलाऊ आणि डिफॉल्ट डिनाय! आणि ॲक्सेस काढला कुणाचा, तर पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणाऱ्यांचा. ठाणे-कुलाबा भागात तेव्हाच इतकी ओरड झाली की सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला, आणि राब हा त्याच्यापुढचा एक मोठा विषय होता. (आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा. नाव १९८१ मध्ये बदललं.)

कातकऱ्यांचं तर आणखी वाईट. नावातच कात आहे, खैराच्या झाडाचा कात काढणारे. खैर सरकारी झाला की धंदा गेला. डोंगरउतारावर फिरती शेती करायचे, तीही दळीच्या ठरलेल्या तुकड्यांत आवळली गेली. ज्या समाजाचं नाव झाडावरून पडलं, त्यालाच झाडाला हात लावायला चोर ठरवलं. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात कडू भाग हाच आहे, आणि तो कमी सांगितला जातो.

आता १९३०. एप्रिलमध्ये दांडीला मीठ उचललं गेलं आणि देशभर कायदेभंग सुरू झाला. पण पाऊस आला की मीठ कसं पिकवणार? मग मध्य प्रांत, वऱ्हाड आणि महाराष्ट्रात लोकांनी दुसरा कायदा निवडला, जंगलाचा. १० जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. लोण पसरत गेलं, सांगलीकडे बिळाशी पेटलं, आणि सप्टेंबरात इथे, उरणच्या रानात पोचलं.

२५ सप्टेंबर १९३०. चिरनेर आणि आजूबाजूच्या गावांतले लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या जंगलात निघाले. आगरी, कोळी, कातकरी, सगळे. झाडं तोडून कायदा मोडायचा, एवढाच कार्यक्रम. समोर पोलीस, जंगल खात्याची माणसं आणि पनवेलचे मामलेदार केशव महादेव जोशी. गोळीबार झाला. आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. त्यात चिरनेरचे धाकू गवत्या फोफेरकर होते, चिरनेरचेच नाग्या महादू कातकरी होते, कोप्रोलीचे रघुनाथ मोरेश्वर न्हावी, दिघोड्याचे आलू बेमट्या म्हात्रे. ही नावं एकदा मोठ्याने म्हणून बघा. शाळेच्या पुस्तकात अशी नावं आपण किती वाचली?

मामलेदार जोशीही त्या दिवशी गेले. कुणाच्या हातून, यावर दोन कथा आहेत. सरकारने त्याचा ठपका जमावावर ठेवला. गावात सांगतात की जोशींनी गोळीबाराला विरोध केला होता आणि ते पोलिसांच्या गोळीने पडले.

मग धरपकड, आणि गावकऱ्यांवर खटला. आरोपींच्या बाजूने जे वकील उभे राहिले त्यात एक नाव होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मी हे वाचलं तेव्हा दोनदा तपासलं. काँग्रेसच्या कायदेभंगाशी त्यांचं राजकारण जुळणारं नव्हतं, गोलमेज परिषदेवरून त्याच काळात केवढा वाद चालू होता. तरी जंगलात लाकूड तोडायला गेलेल्या शेतकऱ्यांसाठी ते कोर्टात उभे राहिले.

बरं, परत आमच्या टेंटकडे. आम्ही ज्या काटक्या गोळा करत होतो त्याचं काय? १८७८ नंतर १९२७ मध्ये भारतीय वन कायदा आला. सत्याग्रह झाला तो याच कायद्याविरुद्ध. आणि तो दुरुस्त्या होत होत आजही लागू आहे. त्याचं २६ वं कलम काढून बघा. राखीव जंगलात विनापरवाना घुसणं, गुरं चारणं, जाळ करणं, झाड तोडणं, सगळं गुन्ह्यात. २००६ मध्ये वनहक्क कायदा आला, त्याच्या प्रस्तावनेतच 'ऐतिहासिक अन्याय' असे शब्द आहेत, आणि आदिवासींना हक्काचे दावे करता येतात. पण जुना कायदा गेलेला नाही.

आता मला खरी खटकलेली गोष्ट सांगतो. त्या संध्याकाळी आम्ही चौघंही त्या कलमात बसलो असतो. पण आम्हाला भीती शून्य होती. फार तर दंड भरू, स्टोरी टाकू. आजोबांच्या आवाजात मात्र ती होती, नव्वदेक वर्षांनंतरही. रान त्यांच्या रोजच्या वाटेवरचं, आणि बिनधास्त आम्ही! आम्ही कुणालाही न विचारता जंगलात शिरलो, त्याला वीकेंड म्हणतात. त्यांच्या आजा-पणजाने तेच केलं तर गोळी.

टेंट काढले. आजोबांनीच त्यांच्या घरापुढच्या अंगणात लावू दिले. रात्री दीडच्या सुमाराला डोंगरावर गडगडलं. सकाळी डोहाकडे गेलो तर जिथे आम्ही खुंट्या ठोकल्या होत्या तिथून गढूळ पाणी वाहत होतं. कोणी काही बोललं नाही. मॅगी अंगणातच, त्यांच्या चुलीवर झाली. आजींनी त्यात सुका जवळा टाकला, आणि मी सांगतो, मॅगी तशीच खायची असते.

निघताना महागणपतीच्या देवळात गेलो. देवळासमोरच हुतात्म्यांचं स्मारक आहे. देवळाच्या एका लोखंडी गजावर गोळीची खूण गावकरी दाखवतात, आम्हालाही दाखवली. मी त्यावर बोट ठेवून बघितलं.

२५ तारखेला मी सुट्टी टाकून एकटाच परत गेलो. दरवर्षी त्या दिवशी स्मारकावर कार्यक्रम असतो, पोलीस हवेत फैरी झाडून मानवंदना देतात. पहिल्या फैरीला देवळामागच्या झाडावरचे सगळे बगळे उडाले. आजोबा गर्दीत मागे उभे होते, डोक्यावरची टोपी हातात. मला ओळखलं त्यांनी.

"आज पवाला नाय आलास?"

म्हटलं, "नाही आजोबा, आज नाही."

"मंग जेवाला ये."