मेहेरबानी ते हक्क: वसंतराव नाईक आणि १९७२चा दुष्काळ

आमचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा झाला. १ जुलै हीच वसंतराव नाईकांची जन्मतारीख, साल १९१३. राज्यभर हा दिवस 'कृषी दिन' म्हणून साजरा होतो. त्यांचं गहुली गाव शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यात. बॅनरवर ते 'हरितक्रांतीचे जनक' असतात. पण त्यांची खरी परीक्षा झाली ती दुष्काळात.

नागपुरात कायदा शिकून बंजारा समाजातल्या या तरुणाने पुसदला वकिली केली. १९५२ला जुन्या मध्य प्रदेशात आमदार आणि उपमंत्री, १९६०नंतर महाराष्ट्राचे महसूलमंत्री. कन्नमवारांचं पदावर असताना निधन झालं आणि ५ डिसेंबर १९६३ला नाईक मुख्यमंत्री झाले.

नऊ वर्षांनी, १९७२ला, पाऊस रुसला. संकरित ज्वारी आली होती, पण बहुतेक शेती अजून आभाळाकडेच डोळे लावून होती. हे अपयश त्यांच्या राजवटीचंही होतं. सरकारने मग रस्ते, पाझर तलाव, बंडिंगची कामं काढली. मे १९७३मध्ये सुमारे ५० लाख माणसं या कामांवर होती. भर उन्हात बायाबापड्या खडी फोडत होत्या.

दुष्काळी कामं इंग्रजांच्या काळातही निघायची. सरकारला वाटलं तर काम, नाहीतर नाही. वि. स. पागे यांनी हे उलटं केलं: मजुराने काम मागायचं, सरकारने ते द्यायचंच. १९६५ला तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी हा प्रयोग केला होता. कल्पना पाग्यांची, पण ती राज्यभर नेण्याचा निर्णय नाईक सरकारचा.

तरी तो होता सरकारी निर्णयच. एका कागदाने सुरू झालेलं दुसऱ्या कागदाने बंद होऊ शकतं, हे वकिलाला वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी १९७५ला नाईकांची खुर्ची गेली. रोजगार हमीचा कायदा १९७७ला मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नाईक गेले. २००५च्या केंद्रीय कायद्याआधीचा हा मोठा धडा होता.

पैसा कुठून आला? आपल्या पगारातून. सॅलरी स्लिपवर 'पीटी' म्हणून २०० रुपये कापलेले दिसतात ना, तो व्यवसाय कर १९७५ला रोजगार हमीसाठीच लावला गेला. एसीत कोड लिहिणारे आपण आणि बांधावर माती टाकणारी बाई, दोघांना जोडणारी ती एक ओळ आहे. तिला भीक म्हणण्याआधी हा इतिहास माहीत असावा.