डिझेलची हुडहुडी

खोबरेल तेलाची निळी बाटली डिसेंबरात बाथरूममधून उचलून गच्चीतल्या उन्हात ठेवायची, हे काम आपल्यापैकी प्रत्येकाने केलेलं आहे. पारा 24 अंशांच्या खाली गेला की ते तेल गोठतं, बाटली कितीही दाबा, बाहेर काही येत नाही. आता कल्पना करा की ती बाटली म्हणजे ट्रकची टाकी आहे, बाहेर उणे 25 आहे आणि ट्रक काही गच्चीवर नेऊन ठेवता येत नाही. आजचा विषय हा. एका उष्ण इंजिनाची थंडीशी सव्वाशे वर्षं चाललेली मारामारी.

मी नातेपुत्याचा. (ता. माळशिरस, जि. सोलापूर. माउलींची पालखी मुक्कामाला असते ते.) शिक्षण मेकॅनिकलचं, पोट जावावर. त्यामुळे असा विषय निघाला की जुनी हौस उफाळून येते, सांभाळून घ्या :)

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, हे सगळ्यांना माहीत असतं. हवा इतकी दाबायची की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं ना, तेच. रुडॉल्फ डिझेलने 1892 मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि फेब्रुवारी 1897 मध्ये आउग्सबुर्गला त्याच्या इंजिनाची अधिकृत चाचणी झाली. कार्यक्षमता भरली 26.2 टक्के. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने हे अफाट होतं.

पण गोम अशी की दाबून तापवायची हवा मुळात बाहेरून येते. मी परवा कागदावर हिशेब मांडला. 18:1 दाब, घातांक 1.3. नातेपुत्याच्या मे महिन्यात, 40 अंशांची हवा आत जाऊन 470 अंशांच्या आसपास तापते. आमच्याकडच्या कडाक्याच्या थंडीत, म्हणजे 10 अंशांना, साधारण 400. उणे 25 ला जेमतेम 315. म्हणजे बाहेर एक अंश उतरला की आत जवळजवळ अडीच अंश उतरतात! वर सिलिंडरचं लोखंड गार, ते उष्णता शोषून घेतं. ऑइल घट्ट झालेलं, त्यामुळे इंजिन हळू फिरतं आणि दाबलेली हवा रिंगांमधून निसटते. बॅटरीची ताकद निम्म्यावर आलेली असते. सगळी संकटं एकदमच येतात, आपल्या रिलीजच्या दिवशी येतात तशी.

यावरचा सगळ्यात जुना उपाय डिझेलच्याही आधीचा आहे. इंग्लंडमध्ये हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्टने 1890 मध्ये अशा इंजिनाचं पेटंट घेतलं, ज्याच्या डोक्यावर लोखंडी गोळा असायचा. सुरू करण्याआधी तो ब्लो लॅम्पने बाहेरून चांगला तापवायचा, मग चाक फिरवायचं. इंजिन चालू झालं की गोळा आपला आपण गरम राहतो. म्हणजे उन्हाळा असो की हिवाळा, रोज सकाळी आधी चूल पेटवा. डिझेलला हा गोळा काढून टाकायचाच होता. थंड देशांत मात्र तो वेगळ्या रूपात परत आला. 1936 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझने 260 डी ही डिझेल मोटार मांडली. तिच्यात मुख्य सिलिंडरला जोडून एक छोटी खोली होती आणि त्या खोलीत विजेने लाल होणारा ग्लो प्लग. आपल्याकडच्या जुन्या सुमो, जीप चालवणाऱ्यांचा 'हीटर' तो हाच. किल्ली अर्धी फिरवायची, गुंडाळीचं चित्र असलेला दिवा विझेपर्यंत थांबायचं, मगच स्टार्टर. घाई करणाऱ्याला शेजारचा म्हातारा शिव्या घालायचा.

आमच्याकडे डिझेल आलं ते मोटारीतून नाही, विहिरीवर. आणि ही गोष्ट आपल्या भागाची आहे. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात 1930 च्या दशकात डिझेल इंजिनं बनू लागली. भारतातल्या पहिल्या काही देशी इंजिनांमध्ये त्यांची गणना होते. (हेच कूपर 1937 मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले, तीनेक महिन्यांसाठी. आज हे साताऱ्यातल्याही किती जणांना ठाऊक असेल?) मग 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली, आणि माळशिरस, इंदापूर, फलटणच्या शिवारात पहाटे 'टुक टुक टुक' सुरू झालं.

त्या इंजिनांना ना बॅटरी, ना हीटर. आमच्या आबांची पद्धत अशी: वरचा खटका उचलून दाब मोकळा करायचा, हँडल मारून चाकाला जोर आणायचा आणि खटका सोडून द्यायचा. नशीब असेल तर पेटलं. जानेवारीच्या पहाटे नशीब नसायचंच. मग हवेच्या तोंडाशी पेटती चिंधी धरायची, म्हणजे आत जाणारी हवाच गरम. किंवा चुलीवरचं उकळतं पाणी जॅकेटात ओतायचं. किंवा आत चमचाभर ऑइल सोडायचं, म्हणजे रिंगांची गळती बंद होऊन दाब वाढतो. आबा चौथीपर्यंत शिकलेले. पण मी वर केलेल्या हिशेबातला प्रत्येक आकडा त्यांच्या एकेका युक्तीत आहे. आणि यात गंमत नव्हती बरं का. गव्हाची पाण्याची पाळी चुकली की दाणा भरत नाही, आणि हँडल उलटं बसलं तर मनगट मोडतं. तशी मनगटं गावात होती.

आमच्याकडे प्रश्न हवेचा होता, डिझेल कधी गोठलं नाही. खऱ्या थंड मुलखात मात्र इंधनच दगा देतं. डिझेलमध्ये मेणाचा अंश असतो. थंडीत आधी ते गढूळ होतं, मग मेणाचे कण फिल्टरमध्ये अडकतात, शेवटी सगळंच थिजतं. भारतीय मानकात साध्या डिझेलला हिवाळ्यात 6 अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहता आलं तरी चालतं. उन्हाळ्यात तर 18! मैदानी देशाला ते पुरेसं आहे. पण आपला देश नुसता मैदानी नाही ना.

1941 च्या हिवाळ्यात मॉस्कोपाशी जर्मन सैन्याने इंजिनांखाली शेकोट्या पेटवल्या. (त्यांची बरीचशी वाहनं पेट्रोलचीच होती, म्हणजे थंडीने कुणालाच सोडलं नाही.) समोरच्या रशियन टी-34 रणगाड्यात डिझेल इंजिन होतं, आणि बॅटरी पडली तर दाबाच्या हवेने ते फिरवायची सोय. थंडीत राहणाऱ्याने बनवलेली वस्तू लगेच ओळखू येते. अमेरिकेत नॉर्थ डाकोटातल्या अँड्र्यू फ्रीमनने इंजिनाच्या बोल्टच्या जागी बसणारा विजेचा हीटर काढला, 1949 मध्ये पेटंट मिळालं. माझा कॉलेजचा मित्र एडमंटनला आहे. त्याने फोटो पाठवला, पार्किंगमधल्या गाड्यांच्या नाकातून वायरी लोंबतायत, म्हशी दावणीला बांधल्यासारख्या.

लडाखमध्ये असा प्लग कुठे लावणार? आमच्या गावात एक फौजी तात्या आहेत, एएससीमध्ये ड्रायव्हर होते. पारावर बसून सांगतात, "आरं, टाकीखाली स्टोव्ह लावून बसायचं. डिझेलच्या टाकीखाली! एकानं जाळ बघायचा, एकानं झोपायचं." ट्रकवाले डिझेलात रॉकेल मिसळायचे. रॉकेल लवकर गोठत नाही, पण त्याला वंगण नाही, पंप झिजून जातो. कुणी इंजिन रात्रभर बंदच करायचं नाही. आता रिकामं चालणारं डिझेल इंजिन फारसं गरम होतच नाही, त्यामुळे हा सगळा जळता पैसा. वर लेहला, 3500 मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 65 टक्के. दाबायला हवाच कमी. इंजिन बंद पडलं की गाडी तिथेच, आणि गाडीतली भाजी, औषधं, रेशन पण तिथेच.

उणे 33 अंशांपर्यंत न थिजणारं खास हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने लडाखच्या पंपांवर आणलं ते नोव्हेंबर 2019 मध्ये. पानिपतच्या रिफायनरीत बनवलेलं. म्हणजे चंद्रावर यान पाठवून अकरा वर्षं झाल्यावर. उशीर झाला असं माझं स्पष्ट मत आहे. थंड देशांत हिवाळ्याचं वेगळं डिझेल ही कित्येक दशकं मामुली गोष्ट होती.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा तात्यांना हे सांगितलं. त्यांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "मंजी आता दोघंबी झोपतेत म्हन की."