टायरवरचे आकडे आणि रस्त्यावरचे अंतर

वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, स्कूटर-रिक्षांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. इथल्या टायरच्या दुकानात एक प्रश्न हमखास कानी पडतो : ‘याच्याऐवजी तो बसेल का?’ या साध्या प्रश्नामागे दीडशे वर्षांहून जुना इतिहास आहे.

हवेच्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्ये घेतले, पण ते विस्मरणात गेले. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉपने मुलाच्या तीनचाकीसाठी तोच शोध पुन्हा लावला. आपल्याकडे रबरी चाकांच्या बैलगाडीला लोक ‘डनलॉप’च म्हणू लागले!

सुरुवातीचे टायर आडव्या छेदात जवळजवळ गोल असत. रुंदी तेवढीच उंची, म्हणून दोन आकडे पुरत. १९४६ च्या व्हेस्पाचा टायर ३.५०-८ होता, म्हणजे रुंदी साडेतीन इंच, रिम आठ इंच. बजाज सुपरलाही हाच टायर होता, तर चेतकला ३.५०-१०. रिमच्या दोन्ही बाजूंना टायरची उंची मिळवली, की पहिल्याचा व्यास १५ इंच आणि दुसऱ्याचा १७ इंच येतो. समजा, १५ इंची चाकासाठी बनवलेल्या स्पीडोमीटरला १७ इंची चाक जोडले, तर काटा ३० दाखवील तेव्हा खरा वेग ३४ असेल.

मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले. पुढे टायर रुंद पण बसके होत गेले आणि तिसरा आकडा आवश्यक ठरला. १४५/८० आर १२ म्हणजे रुंदी १४५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ८० टक्के आणि रिम १२ इंच. एकाच नावात मिलिमीटर, टक्के आणि इंच! मिशेलिनने १९७५ मध्ये मिलिमीटरची रिम आणून पाहिली, पण ती रूढ झाली नाही. भारतानेही १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली, तरी रिमचा इंच टिकला.

या टायरचा व्यास सुमारे ५३७ मिलिमीटर येतो. १५५/७० आर १३ चा येतो ५४७. रिम पूर्ण इंचाने वाढली, पण चाक जेमतेम एका सेंटिमीटरने. म्हणून नुसती रिम पाहून तुलना करणे फसवे असते.

हा प्रश्न खिशाशीही निगडित आहे. रिक्षाच्या ४.००-८ टायरचा व्यास १६ इंच, परीघ सुमारे १२८ सेंटिमीटर. म्हणजे किलोमीटरला सुमारे ७८३ फेरे. टायर सहा मिलिमीटर झिजला, की फेरे होतात ८०७. मीटर यांत्रिक असो वा इलेक्ट्रॉनिक, मोजतो फेरेच. त्यामुळे कोणीही लबाडी न करता तो अंतर तीन टक्के जास्त दाखवतो. उलट, मोठे चाक बसवले तर नुकसान चालकाचे.

अर्थात हे हिशेब कागदावरचे आहेत. वजनाखाली टायर थोडा दबतो. म्हणून शाळेच्या पटांगणात हा प्रयोग जरूर करावा. सायकलच्या टायरवर खडूची खूण करून, वर मुलाला बसवून, सायकल दहा फेरे चालवावी आणि अंतर मोजावे. मग हवा थोडी कमी करून पुन्हा मोजावे. दोन उत्तरांतला फरक का पडला, हे मुलांनाच शोधू द्यावे.