टोचणे : एटापल्लीच्या रानातील गोंदण, देवी आणि दवाखाना

मराठीत कान टोचतात, नाक टोचतात, गोंदणही टोचतात आणि लसही टोचतात; या चारही क्रियांना भाषेने एकच क्रियापद दिले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्याच्या इतिहासाकडे पाहताना हे क्रियापद विशेष उपयोगी पडते, कारण या रानात सुई दवाखान्याबरोबर आलेली नसून त्याच्या आधीपासून ती माणसांच्या, विशेषतः बायकांच्या, हाती होती. शुश्रूषेच्या शिक्षणसंस्थांत आणि रुग्णालयांत काम करणाऱ्यांनी टोचलेले नाक-कान आणि गोंदलेले हात दाखवावेत की झाकावेत, हा आज चर्चेत असलेला प्रश्न शहरात नव्या फॅशनचा वाटतो. एटापल्लीत मात्र तो एका जुन्या प्रथेची आणि तुलनेने अलीकडच्या शिस्तीची गाठ पडल्यातून उद्भवतो.

एटापल्ली, भामरागड आणि अहेरीच्या जंगलपट्ट्यात प्रामुख्याने माडिया गोंड राहतात. 'माड' म्हणजे डोंगराळ रान, आणि त्यात राहणारे ते माडिया, अशी या नावाची फोड सांगितली जाते. त्यांची बोली गोंडीच्या कुळातील, म्हणजे द्राविड भाषासमूहातील आहे, आणि महाराष्ट्रात ज्या तीन समाजांची गणना आदिम जमातींत होते त्यांत कातकरी व कोलाम यांच्यासोबत माडियांचा समावेश आहे. 1854 साली नागपूरचे भोसले राज्य खालसा झाल्यावर हा मुलूख ब्रिटिश अमलाखाली आला. 1861 पासून तो मध्य प्रांताच्या चांदा जिल्ह्यात, बऱ्याच अंशी जमीनदाऱ्यांच्या कारभारात राहिला. आणि 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला.

गोंदण म्हणजे त्वचेच्या वरच्या थराखाली सुईने रंग पोचवून काढलेली कायमची खूण. दिव्याची काजळी तेलात किंवा वनस्पतीच्या रसात कालवायची, तीनचार सुया एकत्र बांधून त्या रंगासह कातडीत टोचायच्या, आणि सूज उतरावी म्हणून वरून हळद-तेल लावायचे, अशी ही रीत मध्य भारतात सर्वत्र थोड्याफार फरकाने आढळते. वरची त्वचा सतत झडून नवी होत असते, परंतु तिच्या खालच्या थरात पोचलेले काजळीचे कण तेथील पेशी गिळून धरून ठेवतात, आणि म्हणून विशीत टोचलेली खूण साठीतही टिकते. मध्य प्रांतातील जातिजमातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916 साली चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात गोंडांशी निगडित असलेल्या ओझा समाजातील स्त्रिया गोंड बायकांना गोंदण्याचे काम करीत असल्याची नोंद आहे. याचा अर्थ गोंदणे हा घरगुती खेळ नव्हता. ते शिकून घ्यावे लागणारे, मोबदला मिळणारे आणि स्त्रियांच्या हाती असलेले एक कसब होते. कोणती सुई किती खोल जावी, रक्त किती येऊ द्यावे, पोरीला दोघींनी कसे धरावे आणि तिला बोलते कसे ठेवावे, हे सारे गोंदणाऱ्या बाईला ठाऊक असावे लागे, आणि या कौशल्यांचे परिचारिकेच्या कौशल्यांशी असलेले नाते डोळ्याआड करण्याजोगे नाही.

गोंदणामागची धारणाही समजून घेण्यासारखी आहे. सोने-चांदी, पितळ, मणी हे सारे माणूस मेल्यावर मागे राहते, चोर नेतो किंवा सावकार नेतो. सोबत जाते ते केवळ गोंदण, असा विश्वास मध्य भारतातील अनेक आदिवासी समाजांत आढळतो. सांधेदुखीवर दुखऱ्या जागी गोंदवून घेण्याची चालही अनेक ठिकाणी होती, म्हणजे गोंदण हा दागिना होता तसाच औषधोपचारही होता. माडिया स्त्रियांच्या कानांतील अनेक बाळ्या आणि गळ्यातील मण्यांच्या माळा काढता-घालता येतात. गोंदण काढता येत नाही. हा फरक पुढच्या विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

या प्रदेशात सरकारी सुई पहिल्यांदा पोचली ती दवाखान्यातून नव्हे, तर देवीच्या लशीबरोबर. हिंदुस्थानात देवीची लस सर्वप्रथम 14 जून 1802 रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. पुढील पावणेदोनशे वर्षांत ती गावोगाव फिरणाऱ्या टोचणाऱ्यांमार्फत खेड्यापाड्यांत गेली. या लसीकरणाला मराठीत 'देवी काढणे' म्हणत, आणि ज्याच्या दंडावर तिचा वाटोळा व्रण दिसे त्याच्या देवी काढल्या आहेत असे पाहताक्षणी समजे. अखेरच्या मोहिमेत वापरलेली दोन टोकांची सुई लशीत बुडवून त्वचेवर भराभर अनेकदा टोचली जाई, आणि ही क्रिया पाहणाऱ्या माडिया बाईला ती अनोळखी वाटण्याचे कारण नव्हते. 1975 मध्ये भारतातील देवीचा प्रादुर्भाव संपला. राज्यसंस्थेनेही लोकांच्या दंडावर कायमची खूण उमटवली होती आणि ती अभिमानाने तपासली होती, ही गोष्ट गोंदणाला मागासलेपणाचे लक्षण मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

परिचारिकेच्या पोशाखाची शिस्त मात्र अगदी वेगळ्या मुळातून आली. 1854 मध्ये क्रिमियन युद्धावर गेलेल्या इंग्रज परिचारिकांना टोपीत फुले किंवा स्वतःच्या फिती लावण्यास मनाई होती, आणि 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने सुरू झालेल्या विद्यालयाने याच वळणाची शिस्त शुश्रूषेच्या शिक्षणात रुजवली. तिचा हेतू प्रथमतः जंतूंशी नव्हे तर प्रतिष्ठेशी संबंधित होता: परिचारिका ही चारित्र्यवान, गंभीर बाई आहे हे तिच्या पोशाखावरून दिसावे, अशी त्या काळाच्या समाजाची अपेक्षा होती. जंतुशास्त्राची कारणे त्या शिस्तीला मागाहून जोडली गेली. व्हिएन्नात 1847 साली सेमेलवाइस यांनी प्रसूतिकक्षात हात धुण्याचे महत्त्व दाखवले होते, तरी ते सर्वमान्य व्हायला दशके लागली. अंगठीखालच्या त्वचेवर अधिक जंतू राहतात हे पुढे सिद्ध झाले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या हात धुण्याविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनी रुग्णसेवेच्या वेळी अंगठ्या व तत्सम दागिने घालू नयेत असे सुचवले.

येथे दागिना आणि गोंदण यांची वाट वेगळी होते. अंगठी, बांगडी, लोंबती बाळी किंवा ओली, न भरलेली टोचण संसर्गाचे कारण होऊ शकते. पूर्ण भरलेल्या गोंदणावर मात्र इतर त्वचेपेक्षा अधिक जंतू राहण्याचे कारण नाही. म्हणून जुने गोंदण झाकायला लावणारा नियम वैद्यकशास्त्राचा नसून शिष्टाचाराचा आहे, आणि त्याला तसेच म्हटले पाहिजे. याउलट गोंदण्याच्या क्रियेतील धोका खरा आहे, आणि तो आजच्या जत्रांत व आठवडी बाजारांत वाढला आहे, कारण तेथे विजेवर चालणाऱ्या यंत्राची एकच सुई एकामागून एक अनेकांच्या हातावर फिरू शकते. कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणूनच नुकतेच गोंदवून घेतलेल्या व्यक्तीचे रक्त रक्तपेढ्या ठरावीक काळ स्वीकारीत नाहीत. चिंता हवी ती सुईच्या स्वच्छतेची. आजीच्या कपाळावरील ठिपक्यांची नव्हे.

भारतीय सैन्यदलाच्या भरतीचे नियम या बाबतीत उल्लेखनीय आहेत: कोपरापासून मनगटापर्यंतचा हाताचा आतला भाग आणि तळहाताची मागची बाजू सोडून अन्यत्र कायमचे गोंदण असल्यास उमेदवार अपात्र ठरतो, परंतु ज्या जमातींत चेहऱ्यावर वा अंगावर गोंदण्याची परंपरा आहे, त्यांना प्रत्येक प्रकरण तपासून सवलत दिली जाते. शस्त्र हाती देताना जी समज दाखवली जाते ती शुश्रूषेच्या शिक्षणातही लेखी स्वरूपात असणे रास्त ठरेल.

एटापल्लीच्या परिसरात ही समज कागदाबाहेर काही प्रमाणात आधीच रुजली आहे. शेजारच्या भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे 1973 साली बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि तेथे डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी दवाखाना चालवला; भोवतालचे माडिया जवळजवळ उघडेच राहत असल्याचे पाहून डॉ. प्रकाश आमटे यांनी स्वतःचा पोशाख बनियन आणि अर्ध्या चड्डीवर आणला. वैद्यकाने आपला वेश रुग्णाच्या दिशेने सरकवला, याचे असे उदाहरण महाराष्ट्रात विरळाच. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाल्यास त्याला घरीच इंजेक्शन देण्यापर्यंतचे शिक्षण त्यांना मिळाले, आणि 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या कामातून नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले. 2005 नंतर आशा ही ग्रामीण आरोग्य योजनेतील कार्यकर्ती आली, ती नियमानेच त्या गावची रहिवासी असते आणि दुर्गम भागात तिच्या शिक्षणाची अटही शिथिल होते. गावात ज्या खुणा अंगावर वागवल्या जातात त्या तिच्याही अंगावर असू शकतात. तिला गावापासून वेगळी दाखवणारा गणवेश तिच्या कामाला फारसा लागत नाही.

गडचिरोली हा राज्यातील हिवतापाचा मोठा प्रादुर्भाव असलेल्या जिल्ह्यांपैकी एक असल्याने या रानात बोटाच्या टोकाला सुई टोचून रक्तनमुना घेणे हे आरोग्यसेविकेचे रोजचे काम आहे, आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीतही तीच सुई वापरली जाते. अशा तपासणीसाठी एखादी म्हातारी माडिया बाई हात पुढे करते तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत ओझा बाईच्या कसबाची निळसर-काळी रांग दिसू शकते, आणि त्याच हाताच्या दंडावर देवी काढल्याचा वाटोळा व्रण असतो.